दाब आणि ताण

मराठीत रक्ताला असतो तो दाब आणि मनावर येतो तो ताण. भाषेने हे दोन शब्द जाणूनबुजून वेगळे ठेवले असावेत असे वाटते. दाब नळातल्या पाण्याला असतो, कोंडलेल्या वाफेला असतो. ताण असतो तो तंबोऱ्याच्या तारेला, नांगरलेल्या नावेच्या दोराला, आणि क्वचित रक्ताच्या नात्यालाही. दाब आतून बाहेर ढकलतो, ताण दोन टोकांकडे ओढतो. कानडीने मात्र हा भेद राखलेला नाही. तिथे 'ओत्तड' या एकाच शब्दात दोन्ही सामावले आहेत: रक्तदाब म्हणजे 'रक्तदोत्तड', आणि मनावरचे ओझे म्हणजे 'मानसिक ओत्तड'. इंग्रजीने तर आजाराच्या नावातच 'टेन्शन' घातले. वैद्यकाच्या परिभाषेत त्या 'टेन्शन'चा अर्थ धमन्यांच्या भिंतींवरचा ताण एवढाच होता. पण 'हायपरटेन्शन' हा शब्द मराठी घरांत आला तेव्हा 'टेन्शन' तिथे आधीच ठाण मांडून बसले होते. धाकट्याने थोरल्याचे नाव लावावे तसा हा आजार त्या शब्दाच्या घरचा होऊन गेला. ज्याला टेन्शन त्याला बीपी, आणि टेन्शन गेले की बीपीही गेले, असा एक हिशेब लोकांच्या मनात कायमचा मांडला गेला.

हा हिशेब खरा की खोटा, हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. त्याच्यावर माणसे जगतात आणि मरतात. आणि त्या प्रश्नाचा इतिहास पाहू गेल्यास तो मराठी मुलखातून निघून बंगळुराला जाऊन पोचतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

१९२७ च्या मार्चमध्ये महात्मा गांधी खादीच्या प्रचारासाठी महाराष्ट्रात फिरत होते. त्यांचे वय तेव्हा सत्तावन्न. दिवसाकाठी होणाऱ्या सभा, प्रवास, पत्रव्यवहार, लेखन या सर्वांचा भार त्यांनी वर्षानुवर्षे अंगावर वागवला होता. कोल्हापुरात सभांमागून सभा चालू असताना त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. निपाणीत दौरा थांबवावा लागला. रक्तदाब फार वाढला आहे, पक्षाघात थोडक्यात टळला आहे, असे डॉक्टरांचे मत पडले. दौऱ्यातले पुढचे कार्यक्रम रद्द झाले आणि रुग्णाला प्रथम सावंतवाडी संस्थानातल्या आंबोलीला नेण्यात आले. एप्रिलमध्ये तेथून त्यांना बंगळुराजवळच्या नंदीच्या डोंगरावर हलवले. तिथे सुमारे दीड महिना आणि मग जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत खुद्द बंगळुरात, कुमार पार्कमध्ये, म्हैसूर संस्थानाचे पाहुणे म्हणून त्यांचा मुक्काम झाला.

त्या वेळी रक्तदाबावर औषध म्हणावे असे काही नव्हते. ब्रोमाइडसारखी गुंगी आणणारी द्रव्ये होती, मीठ कमी करण्याचा उपदेश होता आणि सर्वांत वर होती विश्रांती. विश्रांती हेच औषध आणि डोंगर हाच दवाखाना. नंदीचे शिखर समुद्रसपाटीपासून जवळजवळ दीड हजार मीटर उंच. उन्हाळ्यातही तिथली हवा गार, सकाळी धुके, आणि माणसांची वर्दळ नाही. ज्या माणसाने चालणे हेच आपले शस्त्र केले होते त्याला तिथे पडून राहायला सांगण्यात आले. पुढे बंगळुरात बरे वाटू लागताच त्याने इंपीरियल डेअरी इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन गोपालनाचे धडे घेतले, ही गोष्ट त्या विश्रांतीवरचे मोठे मार्मिक भाष्य आहे. विश्रांतीतही काम शोधणाऱ्या माणसाचा ताण डोंगरावर नेऊन उतरत नाही. १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला पुन्हा रक्तदाब वाढला आणि १९३६ च्या मे महिन्यात गांधीजींना पुन्हा नंदीची वाट धरावी लागली.

पण दाब काही उतरून राहिला नाही. त्यांच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केल्या त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ रोजी १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० असे आकडे आहेत. आजचा कोणताही डॉक्टर हे आकडे पाहून रुग्णाला घरी जाऊ देणार नाही. याच सुमाराच्या पत्रव्यवहारात एका देशी औषधाचे थेंब घेतल्याचा उल्लेख येतो. त्या औषधाचे नाव सर्पगंधा.

सर्पगंधा हे फूट-दोन फूट उंचीचे एक साधे झुडूप आहे. कण्हेर आणि सदाफुली ज्या कुळातल्या त्याच कुळातले. पाने तीन-तीनच्या वलयात येतात, फुले पांढरी आणि त्यांचे देठ तांबूस, फळे पिकल्यावर काळसर जांभळी. मराठीत तिला अडकई असेही एक नाव आहे. तिचे मोल फुलात नाही, पानातही नाही. ते आहे जमिनीखालच्या वाकड्यातिकड्या मुळात, आणि त्यातही मुळाच्या सालीत. सुश्रुतसंहितेत विषचिकित्सेच्या संदर्भात सर्पगंधा हे नाव येते. ती वनस्पती हीच की दुसरी, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. सापाशी लढताना मुंगूस हे मूळ चावून घेते ही समजूत मात्र पुष्कळ जुनी. गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात मुंगसाची आणि विषावरच्या लाकडांची हकीकत दिली आहे. त्या लाकडांपैकी एक सर्पगंधाच असावी असे पुढील अभ्यासकांनी मानले. वनस्पतिशास्त्राने तिला दिलेले 'राउवोल्फिया' हे नाव मात्र सोळाव्या शतकातल्या एका जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ आहे, ज्याने पूर्वेकडचा प्रवास केला पण हिंदुस्थान कधी पाहिला नाही.

सापाच्या विषावर या मुळीचा कितपत उपयोग होतो हा भाग अलाहिदा. बिहारात आणि बंगालात लोक तिला दुसऱ्याच कामासाठी ओळखत. तिथे ती 'पागल की दवा' होती. भ्रमिष्टाला, रात्ररात्र जागून बडबडणाऱ्याला, न निजणाऱ्या मुलालाही तिचे चूर्ण देत. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी एका वैद्यकीय नियतकालिकात असे लिहिले की हे मूळ वेडावर आणि रक्तदाबावर, दोहोंवर चालते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी या मुळातून अनेक अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांपैकी काहींना कॉलेजाचे संस्थापक हकीम अजमल खान यांचे नाव दिले. दोन वर्षांनी रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये तिचे परिणाम तपासले. वैद्य, हकीम आणि डॉक्टर एकाच मुळीभोवती अशा रीतीने दोन-तीन वर्षांच्या अवधीत गोळा झाले, असे दृश्य आपल्याकडे पुन्हा फारसे दिसलेले नाही.

सेन आणि बोस यांच्या त्या विधानातच सारा पेच दडलेला आहे. एकच मूळ मनही शांत करते आणि रक्तही. मग मन शांत झाले म्हणून रक्त उतरले, की दोन्ही गोष्टी निरनिराळ्या घडल्या? मुळीला हा भेद ठाऊक नव्हता. कानडीच्या 'ओत्तड'सारखी तीही दाब आणि ताण एकच धरून चालत होती.

शरीरशास्त्राने हा भेद सावकाश उलगडला. माणूस भ्याला, रागावला, अवघडला की मेंदूकडून मज्जातंतूंच्या वाटेने निरोप निघतात. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. हृदय जोराने चालू लागते, लहान धमन्या आक्रसतात आणि दाब चढतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे सविस्तर दाखवले. वाघ दिसल्यावर पळण्याची किंवा झुंजण्याची ही तयारी. वाघ गेला की ती ओसरते. नुसता डॉक्टरचा पांढरा कोट पाहून ज्यांचा दाब चढतो आणि घरी गेल्यावर उतरतो असे रुग्ण सर्वत्र आढळतात. हा ताणाचा दाब. पण दुसराही एक दाब असतो, जो वाघ नसतानाही चढलेलाच राहतो. त्यात वंशाचा भाग असतो, वयाचा असतो, मिठाचा, वजनाचा, मूत्रपिंडाचा असतो. मनाचाही असतो, परंतु मन हा अनेकांतला एक. हा दाब झोपेतही पुरता उतरत नाही. माणूस हसत असतो, गाणे ऐकत असतो, नातवाला खेळवत असतो, आणि आत धमन्यांच्या भिंती जाड होत असतात. त्याला काहीही जाणवत नाही. डोके दुखणे, चक्कर येणे, मान भरून येणे यांवरून आपला दाब आपल्याला कळतो अशी पुष्कळांची खात्री असते. ती बहुधा फसवी ठरते.

या दुसऱ्या दाबाला 'इसेन्शल' म्हणत, म्हणजे अपरिहार्य आणि आवश्यकही. वयाबरोबर कडक झालेल्या नळ्यांतून रक्त पुढे रेटायचे तर दाब वाढलाच पाहिजे, तो उतरवणे धोक्याचे, असे मानणारे मोठमोठे डॉक्टर पाश्चात्त्य देशांत होते. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. जगातल्या सर्वांत सामर्थ्यशाली राष्ट्राच्या प्रमुखाजवळही दाब खात्रीने उतरवील असे औषध नव्हते. आणि त्याच वेळी हिंदुस्थानात अनेक डॉक्टर सर्पगंधेच्या गोळ्या रोजच्या व्यवहारात देत होते. १९३० साली डेहराडूनला सुरू झालेल्या हिमालया ड्रग कंपनीने १९३४ मध्येच 'सर्पिना' या नावाने तिची गोळी बाजारात आणली होती. ब्रह्मदेशातल्या जंगलात बिथरलेल्या हत्तींना माहूत हे मूळ चारतात ते पाहून संस्थापकांना ही कल्पना सुचली, अशी कथा त्या कंपनीच्या परंपरेत सांगतात. पुढे १९७५ साली याच कंपनीने बंगळुराबाहेर माकळीला कारखाना उभारला. नंदीवर जिची उणीव होती ती गोळी अशी उशिरा का होईना त्याच परिसरात आली.

परंतु अनुभव आणि पुरावा यांत अंतर असते. ते अंतर कापले मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी. १९११ साली मुंबईत जन्मलेले, लंडनला शिकून आलेले आणि परळच्या केईएम रुग्णालयात काम करणारे हे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी उच्च रक्तदाबाचे पन्नास रुग्ण निवडले, त्यांना मुळाच्या चूर्णाच्या गोळ्या दिल्या, दाबाची आधीची आणि नंतरची मोजणी काटेकोरपणे मांडली आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. भारतातल्या घरोघरच्या एका मुळीला जगाच्या वैद्यकात मिळालेले हे प्रवेशपत्र होते. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो निबंध वाचून तिकडे प्रयोग सुरू केले. १९५२ साली बाझलच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळातले मुख्य कार्यकारी द्रव्य, रेझर्पिन, शुद्ध रूपात वेगळे काढले. १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवून दाखवले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले आणि पुढल्या वर्षी पद्मभूषण.

रेझर्पिनने दोन घरांत एकदमच पाय ठेवला. न्यूयॉर्कच्या एका मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी १९५४ साली ते भ्रमिष्ट रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोठड्यांतला आरडाओरडा शमला. योगायोग असा की त्याच १९५४ साली बंगळुरातल्या जुन्या मानसिक रुग्णालयाच्या जोडीला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. या दोहोंचे १९७४ मध्ये एकीकरण होऊन आजची 'निम्हान्स' बनली. बिहारातल्या खेड्यात 'पागल की दवा' म्हणून ओळखले जाणारे मूळ आता पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत पोचले होते आणि हृदयरोगाच्या दवाखान्यातही. दाब आणि ताण या दोहोंवर एकच गोळी चालणार, असे त्या दोन-तीन वर्षांत कित्येकांना मनापासून वाटले.

मग हळूहळू दुसरी बाजू दिसू लागली. दाबासाठी रेझर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले. त्यांना भूक राहिली नाही, कशात रस वाटेनासा झाला, काहींच्या मनात आत्मघाताचे विचार आले. ताण शमवणारे औषध माणसाला ताणाच्या पलीकडे, जिथे तारेतून सूरच निघत नाही अशा ढिलेपणात नेऊन टाकत होते. मात्रा तेव्हा फार मोठ्या दिल्या जात, आणि या दुष्परिणामाच्या प्रमाणाविषयी नंतर शंकाही घेतल्या गेल्या. पण भीती बसली ती बसली. मात्र या अपायातूनच एक विद्या जन्मली. मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली नॉरॲड्रिनलिन, सेरोटोनिन आणि डोपामिन ही द्रव्ये रेझर्पिन रिकामी करून टाकते, हे उमगल्यावर मनाच्या अवस्थांनाही रसायन असते या विचाराला आधार मिळाला. स्वीडनचे आर्विद कार्ल्सन यांनी रेझर्पिनने निश्चल झालेल्या सशांना डोपामिनचे पूर्वद्रव्य देऊन पुन्हा हालते केले. कंपवाताच्या उपचाराची दिशा त्यातून सापडली आणि २००० सालचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

रक्तदाबापुरते सांगायचे तर निर्णायक उत्तर १९६७ साली मिळाले. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत दाब फार चढलेले १४३ पुरुष निवडून त्यांतल्या निम्म्यांना खरी औषधे दिली, निम्म्यांना औषधासारख्या दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या. खऱ्या औषधांत रेझर्पिन होते, लघवीवाटे क्षार काढणारे एक द्रव्य होते आणि धमन्या सैल करणारे तिसरे. निरुपयोगी गोळ्या घेणाऱ्यांपैकी सत्तावीस जणांना गंभीर आघात झाले. औषध घेणाऱ्यांपैकी दोघांना. चढलेला दाब ही निसर्गाची सोय नसून तो उतरवला तर माणसे वाचतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले. तशाच तीन द्रव्यांची मिळून केलेली एक गोळी भारतात 'अडेल्फेन-एसिड्रेक्स' या नावाने आली. 'अडेल्फेन' हा शब्द एका पिढीतल्या मराठी घरांत ॲनासिनइतकाच परिचयाचा होता. देवघरातल्या कोनाड्यात, चष्म्याच्या घराशेजारी ती पट्टी हमखास सापडे.

बंगळुरातल्या अशाच एका मराठी घराची कथा या इतिहासाचे मानवी रूप दाखवते. मिरजेकडचा एक तरुण अभियंता साठीच्या दशकात तिथल्या एका सरकारी कारखान्यात लागला. मराठी माणसाला बंगळूर परके वाटावे असे नाही. १६३८ नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. १९४० साली तिथला विमानांचा कारखाना काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. मल्लेश्वरात बिऱ्हाड झाले, सकाळी फिल्टर कॉफी आणि संध्याकाळी गांधीनगरातले महाराष्ट्र मंडळ असा दिनक्रम बसला. पेन्शनरांचे गाव म्हणून त्या शहराची ख्याती होती. हवा गार, झाडी दाट, रस्ते निवांत. १९८०-८१ च्या हिवाळ्यात सरकारी उद्योगांतल्या कामगारांचा मोठा संप झाला. सत्त्याहत्तर दिवसांच्या त्या संपात मधल्या फळीतल्या या गृहस्थांना दोन्हीकडची बोलणी खावी लागली. संप मिटल्यावर दवाखान्यात तपासणी झाली आणि कानडी डॉक्टरांनी दंडावरची पट्टी सोडता सोडता सांगितले, ओत्तड फार आहे. गृहस्थांनी विचारले, कसला, डोक्याचा की रक्ताचा? डॉक्टर हसले, त्यांच्या भाषेत तो प्रश्नच उभा राहत नव्हता.

गोळी सुरू झाली. चार महिन्यांनी कारखाना सुरळीत झाला, मन हलके झाले, आणि गृहस्थांनी गोळी थांबवली. ताण गेला, आता औषध कशाला, हा त्यांचा युक्तिवाद अभियंत्याला शोभेल असाच होता: कारण नाहीसे झाले की कार्यही नाहीसे होते. पत्नीने विचारले, "अहो, गोळी घेतलीत का?" तेव्हा त्यांनी तिलाही तो युक्तिवाद समजावून दिला. पुढची दोन वर्षे काहीच घडले नाही, आणि काहीच न घडणे हा आपल्या बाजूचा पुरावा आहे असे ते मानत राहिले. मग मिरजेहून तार आली. त्यांच्या थोरल्या बंधूंना अर्धांगवायूचा झटका आला होता. त्यांनाही दाब होता; मुलीच्या लग्नाच्या काळजीत तो चढला असे घरात धरले गेले होते, आणि लग्न थाटात पार पडल्यावर त्यांनीही गोळी सोडली होती. दादा पुढे सात वर्षे जगले, पण उजवा हात आणि वाचा त्यांना पुन्हा मिळाली नाही. हिशेब लिहिण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना शेवटी पाटीवर डाव्या हाताने एकेक अक्षर काढून पाणी मागावे लागे.

मिरजेहून परतल्यावर त्या गृहस्थांनी दाब मोजवून घेतला. तो संपाच्या वेळेपेक्षा जास्त होता. संप नव्हता, कटकट नव्हती, बढती मिळालेली होती. तरी दाब होता. ज्या कार्याचे कारण आपल्याला सापडले असे ते समजत होते त्याचे कारण ते नव्हतेच. संपाने फार तर डॉक्टरांच्या दारापर्यंत नेले. दाब आधीपासून तिथे होता. त्यानंतर त्यांची गोळी चुकली नाही. 'अडेल्फेन'च्या जागी पुढे बीटा-ब्लॉकर आली, तिच्या जागी ॲम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन. पट्ट्यांचे रंग बदलले, नेम बदलला नाही. पंच्याऐंशीच्या घरात असलेला हा माणूस आजही आपल्या हाताने लिहितो, आपल्या तोंडाने बोलतो. या दोन साध्या गोष्टी म्हणजे केवढी मिळकत आहे हे त्याने दादांच्या खाटेशी बसून ओळखलेले आहे.

दरम्यान ते शहर बदलले. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरात गेली आणि तिच्यामागून आणि तिच्यासारख्या कितीतरी. ज्या गावी दाब उतरवण्यासाठी महात्म्याला आणले होते तिथे आज तरुण माणसे सिल्क बोर्डाच्या चौकात वाहनांच्या रांगेत बसून मोबाइलवरच्या सभांना उत्तरे देतात, आणि तिशी-पस्तिशीत दंडाला पट्टी बांधून घेतात. सुटीच्या दिवशी पहाटे अंधारात निघून ती नंदीवर जातात. तिथेही वर चढणाऱ्या गाड्यांची रांग लागते. त्यांच्यापैकी ज्याला गोळी लिहून दिली जाते तो तेच म्हणतो जे मल्लेश्वरातल्या गृहस्थांनी म्हटले होते: हा प्रकल्प संपू दे, मग बंद करीन. काहींचे म्हणणे बरोबरही निघते. वजन उतरले, मीठ कमी झाले, झोप आणि व्यायाम सुधारला तर काहींच्या गोळ्या कमी होतात, क्वचित सुटतातही. पण ते ठरवायचे असते मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली. प्रकल्प संपला या आनंदात नव्हे.

सर्पगंधेचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पन्नासच्या दशकात परदेशची मागणी इतकी वाढली की जंगले खणून निघाली. मूळ घ्यायचे म्हणजे रोपच उपटायचे. पाने खुडावीत आणि झाड राहावे असा सौदा तिच्याशी करता येत नाही. भारताने निर्यातीवर बंधने घातली, उत्पादकांनी तिच्या आफ्रिकेतल्या बहिणीकडे मोर्चा वळवला, आणि १९९० साली धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला आवर घालणाऱ्या कराराच्या यादीत तिचे नाव गेले. १९९३ मध्ये बंगळुरात औषधी वनस्पती आणि लोकांची वैद्यकपरंपरा यांच्या जतनासाठी एक प्रतिष्ठान उभे राहिले. दक्षिणेतल्या जंगलांत अशा वनस्पतींसाठी राखीव क्षेत्रे करण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा आहे. नव्या औषधांमुळे रेझर्पिन मागे पडले आहे. बाजारातली मुळी आणून घरी चूर्ण करून घेणारे अजून आढळतात. पण ज्या मुळीची मात्रा मोजलेली नाही ती औषधही असू शकते आणि उदासीही, हे तिच्याच इतिहासाने शिकवले आहे.

ताणाला औषध नाही असे नाही. सोबत, झोप, काम आणि कामातून मिळणारी सुटका ही त्याची औषधे, आणि फार झाला तर त्याचेही डॉक्टर असतात. परंतु ताणाशिवाय आयुष्य असत नाही. संसार करणाऱ्याला, कारखाना चालवणाऱ्याला, देश हालवू पाहणाऱ्याला तो असणारच. तार ताणलेली नसेल तर तंबोरा वाजायचा कसा? दाबाचे तसे नाही. त्याच्यातून सूर निघत नाही. तो मोजावा लागतो, आणि चढलेला असेल तर उतरवावा लागतो, मनाची प्रसन्नता काहीही सांगत असो. आंबोली, नंदी आणि कुमार पार्क इथल्या त्या पाच महिन्यांत गांधीजींच्या सोबत्यांना जे देता आले नाही ते आज तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. मराठीने दाब आणि ताण हे दोन शब्द निरनिराळे जपून ठेवले आहेत. त्यांच्यातले अंतर विसरले म्हणजे त्याची किंमत घरातल्या कुणाच्या तरी उजव्या हाताने चुकवावी लागते.